माळ्याचं काम: नारायण पेठ, पुणे, नोव्हेंबर ते जुलै

जुन्या वाड्याचा माळा राहता करायचं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी या नोंदी. काम चालू असताना रात्री लिहिल्या आहेत, त्यामुळे एका नोंदीत ठामपणे लिहिलेलं पुढच्या नोंदीत फिरलेलं दिसेल. ते मुद्दाम तसंच ठेवलं आहे.

१८ नोव्हेंबर

मापं घेतली. खोली अठरा बाय वीस फूट, आढ्याखाली उंची अकरा, वळचणीला जेमतेम साडेचार. वाडा शंभरी ओलांडलेला. तळाला लग्नपत्रिकांचं दुकान (भाडेकरू), वर आम्ही, आमच्यावर हा माळा. मंगलोरी कौलं, सागवानी कैच्या (छपराचे तिकोनी सांगाडे), पायाखाली कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांची जमीन.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा तळमजल्यावरचं सगळं गेलं. तेव्हापासून घरात नियम: कागद आणि जपायच्या वस्तू खाली ठेवायच्या नाहीत. सामान साठ वर्षं वर चढत राहिलं, खाली काही आलं नाही. गेली दहा वर्षं तर पश्चिमेच्या कोपऱ्यात पाणी येतं म्हणून वर कोणी जातही नव्हतं.

मला हवंय ते एवढं: मुद्रितशोधनाला एक मोठं टेबल, पाहुणे आले तर दोन माणसांची झोपायची सोय, आणि एक छोटं बाथरूम. डिझायनर तिशीतली आहे, मला ताई म्हणते. तिनं पहिल्याच भेटीत दोन गोष्टी सांगितल्या. छपराची उंची इंचभरही वाढवायची नाही. आणि ती इंटिरियरची असल्यामुळे महापालिकेच्या कागदांसाठी परवानाधारक आर्किटेक्ट वेगळा लागेल. त्याचे ३५,००० आमच्या हिशेबात नव्हते.

ठाण्याचे चुलतदीर मालकीत अर्धे आहेत. त्यांची लेखी संमती आधी घेतली. ही गोष्ट शेवटी करू म्हणणाऱ्यांचे वाडे आमच्याच गल्लीत अर्धवट उभे आहेत.

२७ नोव्हेंबर

पहिली ड्रॉइंग आली, रंगीत चित्रांसकट. सुंदर. पश्चिमेच्या कोपऱ्यात बाथरूम, उत्तरेला टेबल, वळचणीखाली कपाटं. अंदाज ६,२०,०००, त्यात बाथरूम १,४०,०००. ड्रॉइंगचे २५,००० दिले. तिची फी एकूण खर्चाच्या दहा टक्के ठरली होती, त्यातलेच हे.

सासूबाईंनी चित्र पाहून विचारलं, "ही मोरी कुठं आली? देवघरावर?" डिझायनर म्हणाली, "आजी, वॉटरप्रूफिंग चांगलं करू." आजी म्हणाल्या, "कर हो. पण पाणी तुझं ऐकत नाही."

६ डिसेंबर

माळा रिकामा केला. तांब्याचा बंब, दोन जाती, पाळणा, मोडकी मखरं, पत्र्याच्या ट्रंका, वाळवीनं आतून पोखरलेले मासिकांचे गठ्ठे. जिना भिंतीच्या जाडीतला, अंधारा, धरायला वरून लोंबता दोर, आणि वर झडप. ट्रंका आडव्या करूनही वळत नव्हत्या. तेव्हाच मिस्त्री (सुतारकामाचे, चाळीस वर्षं वाड्यांचीच कामं केलेले) म्हणाले, "वहिनी, जे या जिन्यातून उतरत नाही ते चढणारही नाही. प्लायचं आठ बाय चारचं शीट कसं आणणार?" चित्रातली सगळी कपाटं पूर्ण शीटवर आखलेली होती.

रद्दी, मोड आणि भंगार विकून जे आलं त्यात हमालांची मजुरी सुटली.

१२ डिसेंबर

जमीन उघडली. सगळ्यात वर कोबा, दोन इंच, आजेसासऱ्यांनी कधीतरी घातलेला. त्याखाली पाच इंच पांढरी माती, मग तक्तपोशी (फळ्यांचा थर), मग कड्या, मग तुळया. माती घालायची पद्धतच होती: खालच्या खोलीला उन्हाचा आणि आवाजाचा त्रास नको म्हणून. कोबा मात्र नंतरचा, आणि त्याचं ओझं कुणी मोजलेलं नव्हतं.

स्ट्रक्चरल इंजिनिअरनी तिथेच हिशेब मांडला. माती चौरस मीटरला दोनशे किलो, कोबा एकशे दहा. खोली साडेतेहतीस चौरस मीटर. म्हणजे दहा टनांहून जास्त वजन त्या कड्यांवर निपचित पडून होतं, आणि त्यावर आम्ही बाथरूम ठेवणार होतो.

सगळं काढायचं ठरलं. कोबा हातोड्यानं नाही, ग्राइंडरनं चौकोन कापून उचलायचा. धक्के दिले तर खालच्या खोलीचा गिलावा उतरेल. पेठेत दिवसा मोठी गाडी येत नाही, म्हणून छोटा हत्ती, पोती भरून, पहाटे. उपसा आणि राडारोडा मिळून ४६,०००. यातलं अंदाजपत्रकात होतं ८,०००.

एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती. तक्तपोशीच्या फटींतून माती पिठासारखी खाली गळते. दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात, डब्यांत, गादीखाली, देवांच्या अंगावर धूळ. खालच्या छताला आधी प्लास्टिक ताणून कडा टेपनं बंद करायला हव्या होत्या. तसं तिसऱ्या दिवशी केलं, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तुम्ही पहिल्या पोत्याआधी करा.

१६ डिसेंबर

माती निघाल्यावर पश्चिमेच्या भिंतीतली तुळयांची टोकं दिसली. मिस्त्रींनी एका टोकात पटाशी टेकवली आणि ती मुठीपर्यंत आत गेली. चारांपैकी दोन तुळया भिंतीत आणि भिंतीपासून फूटभर कुजलेल्या. बाहेरून रंगवलेल्या, ठणठणीत वाटणाऱ्या.

कारण शोधायला फार लागलं नाही. आमचं छप्पर आणि शेजारच्या वाड्याची भिंत यांच्यामध्ये पन्हळ आहे, त्यात पिंपळ उगवला होता. मुळं भिंतीत, पन्हळ तुंबलेली, पाणी वर्षानुवर्षं भिंतीत. त्यातच कुणीतरी भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा केलेला, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर पडायचीही वाट बंद. जुनी भिंत चुन्याची. तिला चुनाच लागतो. सिमेंटनं ओल थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते आणि लाकडाकडे वळते.

चित्रातलं बाथरूम नेमकं या दोन तुळयांवर होतं.

२० डिसेंबर

आमच्या ओसरीवर बैठक. डिझायनर, इंजिनिअर, मिस्त्री, नवरा, मी, आणि न बोलावता सासूबाई.

बाथरूम रद्द. माझी इच्छा होती, तरी रद्द. पाणी वर न्यायचं तर टाकी, नळ, निचरा, उतारासाठी जमिनीची जाडी, सगळं परत वजन. आणि गळती झाली तर ती समजेपर्यंत लाकूड गेलेलं असतं. डिझायनर म्हणाली, "ताई, पंचवीस हजारांची ड्रॉइंग वाया गेली हे मला कळतंय. पण उघडून बघायच्या आधी मी काढायलाच नको होती." हे तिनं स्वतःहून म्हटलं, म्हणून पुढचं बोलणं सोपं झालं.

फीचंही तेव्हाच बदललं. टक्केवारीत एक विचित्रपणा असतो: कुजलेली तुळई सापडली की खर्च वाढतो, आणि खर्च वाढला की डिझायनरची फी वाढते, तिनं त्यात काही केलेलं नसताना. उलट तिनं काही वाचवलं तर तिचंच नुकसान. आम्ही एक ठरावीक रक्कम धरली, ७५,०००, आधीचे २५,००० त्यातच. बाकीचे तीन हप्त्यांत: छप्पर उघडून परत बंद झालं की एक, जमीन झाली की एक, पहिला मोठा पाऊस झाला की शेवटचा. शेवटच्या हप्त्याची अट तिनंच सुचवली.

आणि एक वही. जिन्याच्या तळाशी खिळ्याला टांगलेली. काय ठरलं, कुणी ठरवलं, त्याचे पैसे किती, खाली तिची आणि माझी सही. वहीत नाही ते मिस्त्री करणार नाहीत. फोनवरच्या मेसेजांत निर्णय हरवतात. वही हरवत नाही, फक्त चुन्यानं माखते.

९ जानेवारी

तुळयांचं काम. पद्धत इंजिनिअरची: कुजका भाग कापून काढायचा, उरलेल्या चांगल्या लाकडाला दोन्ही बाजूंनी सहा इंची लोखंडी चॅनल, आरपार बोल्ट, आणि भिंतीत चॅनलखाली काँक्रीटची उशी. लाकडाचं टोक भिंतीला टेकवायचं नाही, भोवती हवा खेळायला फट ठेवायची. वेल्डिंग अजिबात नाही. शंभर वर्षं वाळलेलं सागवान आणि ठिणगी, कुणालाच तो प्रयोग नको होता. चॅनल पाच-पाच फुटांचे तुकडे करून आणले, कारण जिना.

तुळया कापायच्या तर वरचं ओझं आधी जॅकवर घ्यावं लागतं. जॅक आमच्या मधल्या खोलीत लागला. पण आमची जमीनही कडीपाटच, तेव्हा त्याच्या बरोबर खाली, दुकानात, दुसरा जॅक. लग्नाचा हंगाम, दुकानात पत्रिका निवडायला आलेली माणसं, आणि काउंटरच्या मधोमध दोन लोखंडी खांब. दुकानदार भला माणूस. त्याला त्या दिवसांचं भाडं सोडलं. ते खर्चात धरलेलं नाही, पण तुम्ही धरा.

जुनं सागवान टिंबर मार्केटमधून, पाडलेल्या वाड्यांचं, २,८०० रुपये घनफूट. खिळे काढून घ्यायला सांगा. एका खिळ्यानं रंध्याचं पातं जातं आणि मिस्त्रींचा दिवसही.

रचनेचं सगळं मिळून १,६८,०००. इंजिनिअर १८,०००.

१७ जानेवारी

खालच्या खोलीच्या भिंतींना केसासारख्या चिरा. घाबरून इंजिनिअरना बोलावलं. दहा टन उतरल्यावर कड्या थोड्या वर उठतात, वाकलेली वेताची छडी सोडल्यासारख्या. पुरत्या सरळ होत नाहीत, कारण शंभर वर्षांत लाकडाला तो बाक कायमचा बसलेला असतो, पण जेवढ्या उठतात तेवढ्यानं गिलावा फुटतो. धोका नाही, पण खालचा रंग परत करावा लागणार. आमचा हॉल नुकताच दिवाळीत रंगवला होता. क्रम लक्षात ठेवा: आधी वरचं वजन उतरवा, मग खालच्या भिंती रंगवा.

२९ जानेवारी

छप्पर उतरवलं. एका पाख्याचं (उताराचं) आज, दुसऱ्याचं परवा. दोन्ही एकदम उघडी ठेवायची नाहीत असं डिझायनरनं वहीत लिहून ठेवलं होतं, जानेवारीत पाऊस कुठला म्हणून नवरा हसला होता. ताडपत्री मात्र त्यानंच आणली.

कौलांच्या पाठीवर छाप आहेत. काही बासेल मिशनची, म्हणजे त्या मिशनऱ्यांची ज्यांनी मंगलोरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना सुरू केला आणि ज्यामुळे या कौलांना मंगलोरी म्हणतात. इतर दोन-तीन कारखान्यांचीही आहेत. त्या वेळी मौज वाटली.

चौरस मीटरला पंधरा कौलं या हिशेबानं आमच्या छपराला सातशेच्या आसपास लागतात. टिचकी मारून निवडली: खणखणीत वाजतं ते ठेवायचं, बद्द वाजतं ते टाकायचं. निम्म्याहून थोडी कमी वाचली. बाकीची नवी घेतली.

कैच्या उत्तम निघाल्या. वासे सात बदलले. सगळ्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं गरम पाणी दोनदा लावलं; वाळवीचं औषध मारणाऱ्यानं सुचवलेलं उग्र रसायन झोपायच्या खोलीत नको होतं.

८ फेब्रुवारी

रचना अशी: वाशांवर पाणी अडवणारा पडदा, त्यावर वाशांच्या दिशेनं उभ्या इंचभर पट्ट्या, त्यावर आडव्या रीपा, त्यावर कौलं. उभ्या पट्ट्यांमुळे कौलाखाली शिरलेलं पाणी पडद्यावरून सरळ खाली पन्हळीत जातं आणि गरम हवा वर आढ्याकडे. इंचभर पट्ट्या घातल्या तर उंची वाढेल, म्हणून वाशांच्या बैठकीच्या खाचा तेवढ्या खोल केल्या.

डिझायनर दुपारी आली तर मिस्त्रींच्या हाताखालच्या मुलांनी अर्ध्या पाख्यावर रीपा थेट पडद्यावर ठोकलेल्या. प्रत्येक आडवी रीप म्हणजे पाणी अडवणारा बांध. सगळ्या काढल्या. पडद्याला पडलेली खिळ्यांची भोकं चिकटपट्टीनं भरायला ती तयार नव्हती, नवा पडदा घेतला. मिस्त्री चिडले, "मॅडम, आमच्या बापानं रीपांवरच कौलं घातली, कधी गळलं नाही." ती म्हणाली, "मिस्त्री, तेव्हा खाली पडदा नव्हता. पाणी आलं तर माळ्यावर पडायचं आणि आजी बादली लावायच्या." सासूबाईंनी मान डोलावली. खोटं नव्हतंच.

१५ फेब्रुवारी

कौलं बसेनात. म्हणजे बसतात, पण जुन्या आणि नव्या कौलांच्या खाचा एकमेकींत घट्ट जात नाहीत. साचा प्रत्येक कारखान्याचा वेगळा, लांबीत एखाद्या सुताचा फरक, आणि चार ओळींनंतर तो फरक बोटभर होतो. पाण्याचा पाइप मारून पाहिला, मिसळीच्या ओळीतून धार.

दोन दिवस यातच गेले. तोडगा डिझायनरचा: मिसळ करायचीच नाही. रस्त्याकडच्या उत्तरेच्या पाख्यावर सगळी जुनी, तीही छापाप्रमाणे वेगळी करून, वरपासून खालपर्यंत पट्ट्या पाडून. मागच्या पाख्यावर सगळी नवी. जुनी थोडी कमी पडली तेव्हा जुन्या बाजारात रविवारी जाऊन सोबत नेलेलं एक कौल नमुना म्हणून लावून लावून निवडली, १५ रुपयांना एक. नवी ३८ ला होती. दोन्ही पाखी फक्त आढ्यावर भेटतात आणि तिथे कोने (आढ्यावरची कौलं) चुन्यात बसतात, तिथे फरक चालतो.

छप्पर एकूण २,१२,०००. डिझायनरचा छपराचा हप्ता दिला.

२६ फेब्रुवारी

वायरिंग. जुनं लाकडी पट्टीवरचं, रबरी आवरणाच्या तारा, हात लावला की आवरणाचा चुरा. पूर्ण नवं: दिव्यांना दीड, प्लगना अडीच, एसीला चार चौरस मिलिमीटरची तार, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा खटका), आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा). लाकडी घरात हा शेवटचा ऐच्छिक समजू नका. सामान तपकीर गल्लीतून. तारा लोखंडी पाइपातून उघड्यावर नेल्या, काळा रंग देऊन. तुळयांना खाचा पाडायच्या नाहीत म्हणून. दिसायला बरं दिसतं हा फायदा नंतर कळला.

नवऱ्यानं वायरमनला परस्पर सांगून एक बोर्ड दोन फूट डावीकडे घ्यायला लावला. वहीत नाही. तो बोर्ड आता कपाटाच्या आत येतो. परत हलवायला ३,२००. ते वहीत त्याच्या नावावर लिहिले.

वायरिंग एकूण ७४,०००.

११ मार्च

भिंतींचा सिमेंटचा गिलावा काढला, चुन्याचा केला. मुरवलेला चुना तयार मिळाला. पण चुन्याला घाई चालत नाही. प्रत्येक थर वाळायला आठवडा-दहा दिवस, उन्हाळ्याची सुरुवात म्हणून दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं काम माझं. गवंडी मधल्या काळात दुसरीकडे कामाला जातो आणि परत यायचं नाव घेत नाही. यात धरला त्याच्या दुप्पट वेळ गेला. वरून चुन्याचीच सफेदी, प्लास्टिक रंग नाही. दोन्ही मिळून, आमच्या हॉलच्या चिरांसकट, ८२,०००.

२ एप्रिल

जमीन. ही नोंद जरा लांब आहे, कारण चूक म्हणावी तर कुणाचीच नव्हती आणि निस्तरायला सगळ्यात जास्त त्रास इथे झाला.

माती गेली, ओझं गेलं, सगळे खूष. कड्यांवर जुनी तक्तपोशी साफ करून परत बसवली, वर प्लाय ठोकला. पहिल्याच संध्याकाळी मी वर चालले आणि खाली सासूबाई ओरडल्या, "वर बैल बांधलाय का?" खाली जाऊन नवऱ्याला वर चालायला लावलं. प्रत्येक पाऊल ढोलावर पडल्यासारखं. वर खुर्ची सरकली की खाली चाललेलं बोलणं थांबतं. ती पाच इंच माती आवाज खात होती, आम्ही ती पोत्यांत भरून पैसे देऊन पाठवली.

डिझायनर दोन दिवस गप्प होती, मग तीन पर्याय घेऊन आली. एक, दोन इंच वाळू परत घालणे: चौरस मीटरला ऐंशी किलो, इंजिनिअर चालेल म्हणाले, पण मिस्त्री नको म्हणाले, फटीतून वाळू गळत राहील आणि खालच्या खोलीत रोज सकाळी समुद्रकिनारा. दोन, खालून फॉल्स सीलिंग: आमच्या खोलीचा कडीपाट झाकला जाईल, सासूबाईंनी ऐकूनच घेतलं नाही. तीन, प्लाय काढून कड्यांच्या वर रबराच्या पट्ट्या, त्यांवर लाकडी आडवे ठोकळे, मध्ये दोन इंची रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), वर सिमेंट बोर्डाचे दोन थर सांधे एकावर एक न येऊ देता, आणि शेवटी लिनोलियम. महत्त्वाचं म्हणजे वरच्या जमिनीचा एकही खिळा खाली कडीपर्यंत जायचा नाही आणि कडा भिंतीला टेकायच्या नाहीत. नाहीतर रबराचा उपयोग शून्य.

तिसरा केला. सगळं मिळून चौरस मीटरला चाळीस किलोच्या आत. बोर्ड चार बाय चारचे कापून जिन्यातून. आता बोलण्याचा आवाज जात नाही, पावलांचा जातो, पण अंगणात कुणी चालल्याइतका. धावलेलं अजून ऐकू येतं. पूर्ण शांतता हवी असेल तर माती किंवा वाळू, म्हणजे वजन, याला पर्याय नाही. जुन्या लोकांनी ती उगाच घातली नव्हती.

जमीन १,२१,०००, त्यात वाया गेलेले १९,०००. तो तोटा कुणाचा यावर जरा ताणलं. शेवटी वहीत निम्मे आमचे, निम्मे डिझायनरच्या हप्त्यातून असं लिहिलं, आणि पुढच्या पानावर मी ते खोडून सगळे आमच्याकडे घेतले. तिसऱ्या पर्यायाची मजुरी तिनं मिस्त्रींशी बोलून इतकी खाली आणली होती की निम्मे कापणं मला पटेना.

२४ एप्रिल

ऊन. बाहेर ३९ असताना माळ्यावर दुपारी तीनला ४४ व्हायचं. वाशांमध्ये खालून दोन इंची रॉकवूल, त्यावर चंदेरी पन्नी, खाली पांढरे बोर्ड. आढ्याजवळ सहा हवेची कौलं जाळी लावून. आज बाहेर ३९, आत ३९. पंख्यावर बसवतं. एसीची तार टाकलेली आहे, एसी घेतलेला नाही.

१५ मे

काचेची कौलं. मला बारा हवी होती, डिझायनर चार म्हणाली, उत्तरेच्या पाख्यावर, टेबलावर. उत्तरेचा उजेड स्थिर, ऊन येत नाही, हे सगळ्या पुस्तकांत असतं.

दुपारी बारानंतर प्रुफांवर चार पांढरेशुभ्र चौकोन, डोळे दिपवणारे. दोघी वर बघत बसलो. मग तिच्याच लक्षात आलं: मेच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो. तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. पुस्तकं थंड देशांतली. तिथे दुपारचा सूर्य कधी उत्तरेला जातच नाही. आपल्याकडे उत्तरेचा पाखा ऐन उन्हाळ्यात ऊन घेतो. बारा लावली असती तर टेबलावर पापड वाळले असते.

कौलांखाली खादीच्या कापडाच्या सरकत्या चौकटी केल्या, १,८०० रुपये. जूनपासून ढग येतील, तोपर्यंत त्या बंद.

३० मे

सुतारकाम संपलं. वळचणीखाली कपाटं, पूर्ण शीटऐवजी जुन्या तक्तपोशीच्या उरलेल्या फळ्यांची. टेबल बदललेल्या वाशांचं. झडप ठेवली, दोर ठेवला. जिन्याला कठडा आणि दिवा मात्र नवा. १,३५,०००.

पाइपानं पाणी मारून दोन्ही पाखी तपासली. कुठेही थेंब नाही.

११ जून

रात्री पश्चिमेचा वाऱ्यासकट पाऊस. पन्हळीच्या कोपऱ्यात भिंतीवर हातभर ओल. पाइपाचं पाणी वरून खाली येतं, पाऊस आडवा येतो. त्या तपासणीवर फार विसंबू नका.

डिझायनर रेनकोटात छपरावर. पन्हळीचा पत्रा शेजारच्या भिंतीला नुसता टेकवून वर सिलिकॉन भरलेलं होतं. पत्र्याची कड भिंतीत खाच पाडून आत न्यायला हवी आणि वरून चुन्यानं बंद. पावसात चुना धरत नाही म्हणून तात्पुरती डांबरी पट्टी लावली. शेजाऱ्यांच्या भिंतीत खाच पाडायची परवानगी आधीच घेतलेली नव्हती. ती आता चहा-पोह्यांवर घेतली.

६ जुलै

चार कोरडे दिवस मिळाले, खाच पाडून पत्रा आत नेला. त्यानंतर दोन मोठे पाऊस झाले, भिंत कोरडी. डिझायनरला शेवटचा हप्ता दिला.

हिशेब: उपसा ४६,०००, आर्किटेक्ट ३५,०००, इंजिनिअर १८,०००, रचना १,६८,०००, छप्पर २,१२,०००, वायरिंग ७४,०००, गिलावा-रंग ८२,०००, जमीन १,२१,०००, सुतारकाम १,३५,०००, डिझायनर ७५,०००. एकूण ९,६६,०००. खादीच्या चौकटी आणि पत्र्याचं काम किरकोळीत गेलं. अंदाज होता ६,२०,०००, बाथरूम वगळलं तर ४,८०,०००. दुप्पट. परत करायचं झालं तर जमीन आणि एका कोपऱ्याचं छप्पर उघडायला आधी पन्नासेक हजार वेगळे काढीन, आणि तोवर कुणालाही एक रेघ मारू देणार नाही.

पिंपळ पन्हळीच्या खालच्या सांध्यातून पुन्हा फुटलाय, दोन पानं. मूळ भिंतीत आहे. दसऱ्यानंतर त्या जागचा चुना उकरून काढावा लागेल. मिस्त्रींना तारीख विचारली आहे, वहीत लिहायची बाकी आहे.